भिंगातली बुरशी

आश्विनात पाऊस उघडला की आमच्या चौलच्या घरात एक ठरलेला कार्यक्रम असतो. गाद्या, गोधड्या, पुस्तके, चामड्याच्या चपला, अशा ज्या ज्या वस्तूंनी चार महिने ओल पिऊन घेतलेली असते, त्या सगळ्या अंगणात उन्हाला लागतात. दोन वर्षांपूर्वी त्या पसाऱ्यात, कपाटाच्या तळाशी जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला आमचा छोटा डिजिटल कॅमेराही बाहेर आला. बॅटरी चार्ज करून मी तुळशीवृंदावनाचा एक फोटो काढून पाहिला, तर चित्रावर दुधावर साय धरावी तसा एक पांढुरका पदर दिसला. मी भिंग पुसले, पुन्हा काढला, पुन्हा तेच. अलिबागच्या दुरुस्तीवाल्याने भिंगात तिरपी विजेरी धरली आणि मला वाकून पाहायला सांगितले. आत, काचेच्या कडेपासून मध्याकडे, कोळ्याच्या जाळ्याहून बारीक पांढऱ्या तंतूंची नक्षी पसरलेली होती. एरवी मी तिला सुंदर म्हटले असते.

"बुरशी आहे, ताई," तो म्हणाला. "वरच्या काचेवर असती तर आत्ता पुसून दिली असती. ही आतली आहे. उघडायला जेवढे घेईन तेवढ्यात तुम्हाला दुसरा येईल."

दुसरा घ्यायचाच होता, कारण सहा महिन्यांनी आम्ही दोघे पोर्तुगालला निघणार होतो, आणि तेही सहलकंपनीच्या आठ दिवसांत सहा शहरे अशा हिशेबाने नव्हे, तर 82 दिवस. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या, व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येते. त्यातले आठ दिवस दुखण्याखुपण्यासाठी आणि चुकलेल्या विमानांसाठी हाताशी ठेवून बाकीचे सगळे आम्ही वापरायचे ठरवले. पोर्तुगालच का, असे मला मुंबईचे लोक विचारतात, चौलचे विचारत नाहीत. आमच्या घरापासून रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट सायकलच्या अंतरावर आहे आणि कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईच्या गावात अजूनही पोर्तुगीजमधून उपजलेली एक बोली बोलली जाते. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवताना मी मुलांना कोर्लईच्या किल्ल्याच्या दरवाजावरचे शिलालेख दाखवत आले. ते लेख ज्या देशातल्या माणसांनी कोरले, तो देश एकदा निवांत पाहावा, एवढीच इच्छा होती.

मुलगा म्हणाला, फोन आहे की. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. दिवसाउजेडी, सरळ समोरच्या दृश्यासाठी आजचा बरा फोन जे चित्र देतो, त्यात आणि छोट्या कॅमेऱ्याच्या चित्रात फरक शोधायला मलाही चष्मा बदलावा लागतो. पण परदेशात फोन म्हणजे नकाशा, विमानाचे तिकीट, भाषांतरकार आणि बँकेचा ओटीपी हे सगळे एकाच डब्यात कोंबलेले असते. त्या डब्याची बॅटरी दुपारपर्यंत फोटोंनी संपवावी, किंवा कड्याच्या टोकावर उभे राहून वाऱ्यात तोच हातातून सुटावा, ही कल्पना मला सोसवेना. हातातून कॅमेरा पडला तर फोटो जातील. फोन पडला तर त्या रात्री खोलीचे भाडे कसे द्यायचे हा प्रश्न पडेल. शिवाय मला फोनची एक खोड आवडत नाही. त्याला काळोख आवडत नाही. संध्याकाळची वाडी तो दुपारसारखी उजळून दाखवतो आणि वर मला वाटायला लावतो की मीच चुकीचे पाहिले.

खरेदीला निघण्याआधी मी पुण्याच्या भाच्याला फोन केला. त्याला या गोष्टींचा नाद आहे आणि नादापायी त्याचा पगार कुठे जातो हेही घरात सगळ्यांना माहीत आहे. मला वाटले, तो एक नाव सांगेल आणि विषय संपेल. तो म्हणाला, "मावशी, कॅमेऱ्याचे नाव नंतर. तू आधी तिथे काढणार आहेस त्यातले वीस फोटो कागदावर लिहून काढ." मला हा गृहपाठ सुरुवातीला पोरकट वाटला. पण वहीचे पान घेऊन बसले आणि लक्षात आले की सातव्या फोटोनंतर मला काही सुचत नाही. जे सात सुचले, त्यांतले पाच अंधाऱ्या जागेतले होते: मठ आणि चर्च यांच्या आतले कोरीव खांब, थडगी, आझुलेजू या निळ्यापांढऱ्या फरशांच्या भिंती, संध्याकाळच्या चढाच्या गल्ल्या, खानावळीतली माणसे. सहावा दरवाजांवरच्या राजचिन्हांचा, म्हणजे उंचावरचा. सातवा समुद्राचा, तो कशानेही निघतो. वीस काही भरले नाहीत, पण या सातांनीच पुढची निम्मी दुकाने बंद केली.

अंधाराचा विषय निघाला की सेन्सरच्या, म्हणजे भिंगामागच्या उजेड टिपणाऱ्या पट्टीच्या, आकाराचा विषय निघतोच, आणि तो समजायला कोकणातल्या माणसाला पुस्तकाची गरज नाही. पावसाळ्यात कौलांच्या पागोळ्यांखाली एकाच वेळी वाटी, पातेले आणि घंगाळ ठेवून पाहावे. पाऊस तिघांवर सारखाच पडतो, पण जेवढे तोंड मोठे तेवढे पाणी जास्त. मुसळधार असेल तर वाटीही भरते, म्हणून भर उन्हात स्वस्त कॅमेराही छान फोटो देतो. भुरभुर असेल तेव्हा मात्र वाटीत तळच ओला होतो. लांब झूमच्या बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांतला सेन्सर साधारण 28 चौरस मिलिमीटरचा असतो, म्हणजे मुगाच्या चार दाण्यांएवढा. त्याच्या वरची पायरी ज्याला 'एक इंची' म्हणतात, ती 13.2 गुणिले 8.8, म्हणजे सुमारे 116 चौरस मिलिमीटर. त्याही वरचा एपीएस-सी जवळपास 366 चौरस मिलिमीटर. या 'एक इंची' नावाबद्दल मला शिक्षक म्हणून तक्रार नोंदवायची आहे, कारण त्या सेन्सरची कुठलीही बाजू इंचाची नाही आणि कर्णसुद्धा 16 मिलिमीटरच्या आसपास आहे. जुन्या टेलिव्हिजन कॅमेऱ्यांतल्या काचनळ्यांचा बाहेरचा व्यास इंचांत सांगत, ती सवय पुढे चालू राहिली. माझ्या वर्गात एखाद्या मुलाने सोळा मिलिमीटरला इंच म्हटले असते, तर मी त्याला पट्टी घेऊन फळ्याशी उभे केले असते.

तर मला पातेले हवे होते की घंगाळ, हा प्रश्न राहिला. घंगाळ म्हणजे फुजीफिल्मचा 2024 साली आलेला एक्स100-सहा किंवा रिकोचा जीआर-तीन. फुजी दिसायला असा देखणा, की तो गळ्यात असला तर फोटो नाही काढला तरी चालेल असे वाटते. पण तो 521 ग्रॅम आहे, आणि ज्या बाईच्या पिशवीत आधीच पाण्याची बाटली, छत्री, गोळ्यांची डबी आणि दोन चष्मे आहेत, तिच्या दृष्टीने तो खिशातला नव्हे. रिको 257 ग्रॅमचा, खरोखर झब्ब्याच्या खिशात मावणारा. भाच्याचा जीआर-तीन मी आठ दिवस उसना घेतला आणि रेवदंड्याच्या कोटात फिरवला.

कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला कोटाइतकी चांगली जागा मला माहीत नाही. सकाळी पुळणीवरचा डोळे दिपवणारा उजेड, तटाच्या आत पाऊल टाकले की माडपोफळींची सावली, त्या सावलीत चर्चच्या पडक्या भिंती आणि मधूनच आभाळात गेलेला सातखणी मनोरा. रिकोने पोफळींच्या सावलीत जे चित्र दिले ते पाहून मी गप्प बसले. चिऱ्यावरचे शेवाळ हिरवे होते, काळे नव्हते; भिंतीच्या फटीतला पिंपळ पानापानांनी दिसत होता. पण त्याचे भिंग 28 मिलिमीटरवर (भिंगाचा हा आकडा जितका मोठा तितके दूरचे जवळ दिसते) कायमचे बांधलेले आहे, पुढेमागे व्हायचे ते आपल्या पायांनी. वेशीवरचे राजचिन्ह मला जवळ हवे होते आणि पायांनी वर चढता येत नव्हते. दुसरी अडचण माझ्या डोळ्यांची. रिकोला डोळ्याला लावायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर नाही. बाराच्या उन्हात त्याच्या पडद्यावर मला माझाच चेहरा, कपाळावरच्या टिकलीसकट, स्पष्ट दिसे आणि ज्याचा फोटो काढायचा ते दिसत नसे. साठी उलटलेल्या आणि बायफोकल चष्मा लावणाऱ्या माणसाने व्ह्यूफाइंडर नसलेला कॅमेरा घेऊ नये, असे माझे मत त्या दुपारी पक्के झाले आणि आजही तसेच आहे. दुकानात, ट्यूबलाइटखाली, ही गोष्ट कुणाच्याच ध्यानात येत नाही.

समुद्राकाठच्या माणसाला वॉटरप्रूफ कॅमेऱ्याचे आकर्षण असते आणि मलाही झाले. ओएम सिस्टिमचा टीजी-सात 15 मीटर खोल पाण्यात चालतो, त्याचे भिंग बाहेर येत नाही, त्यामुळे वाळू आत जाण्याची भीती नाही. बाहेर येणाऱ्या भिंगांच्या नळकांड्यात वाळूचा एक कण अडकला तर काय होते, ते मी आमच्या पुळणीवर एका पाहुण्याच्या कॅमेऱ्याच्या बाबतीत ऐकलेले आहे: कर्र असा आवाज, पडद्यावर बिघाडाची सूचना आणि सहलीचा शेवट. पण टीजी-सातचा सेन्सर वाटीएवढा. माझे पाच फोटो अंधारातले आणि पोर्तुगालमध्ये मी पोहणार तर नव्हतेच. तो चौलला राहण्यासाठी उत्तम कॅमेरा आहे. लिस्बनला जाण्यासाठी नव्हे.

राहता राहिला झूम. मांडव्याहून बोटीने गेटवे गाठून मी फोर्टातल्या बोरा बाजारात गेले, तेव्हा पहिल्या दुकानदाराने मला सेन्सरचे नाव न घेता झूमचे आकडेच ऐकवले. वीसपट, तीसपट, चाळीसपट. लिलावात मासळीचा भाव चढावा तसा तो आकडा चढत होता. पॅनासॉनिकच्या टीझेड99 मध्ये 24 ते 720 मिलिमीटरचा पल्ला आहे, म्हणजे खरोखरच तीसपट, आणि पक्ष्यांच्या मागे फिरणाऱ्याला तो पल्ला हवा असतो. पण सेन्सर तोच मुगाच्या चार दाण्यांचा. दुसरीकडे सोनीच्या आरएक्स100 मालिकेत एक इंची पातेले आहे आणि त्यातल्या दोन पिढ्यांमध्ये माझा जीव अडकला. 2019 चा सातवा 24 ते 200 मिलिमीटर पर्यंत जातो, पण त्याचे भिंग एफ 2.8 पासून सुरू होते आणि पुढे 4.5 पर्यंत बारीक होत जाते. 2014 चा तिसरा 70 मिलिमीटरवरच थांबतो, पण त्याचे भिंग एफ 1.8 ते 2.8. आकडा जितका लहान तितकी भिंगाची वाट रुंद, 2.8 च्या जागी 1.8 म्हणजे जवळपास अडीचपट उजेड. दोघांनाही वर उघडणारा छोटा व्ह्यूफाइंडर आहे, दोघेही 300 ग्रॅमच्या आसपास.

म्हणजे प्रश्न असा उरला, की दूरचे जवळ आणायचे की अंधारातले उजेडात आणायचे. खिशात मावणाऱ्या यंत्रात दोन्ही एकदम मिळत नाही, कारण लांब पल्ल्याच्या भिंगाला रुंद तोंड द्यायचे तर काच मोठी लागते आणि मोठी काच खिशात मावत नाही. एका शेजाऱ्याच्या मुलाकडून सातवा मागून आणून मी संध्याकाळी कोर्लईला गेले. गावात एक म्हातारी ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती, वर पिवळा दिवा. मी विचारले, "मावशी, एक फोटो काढू?" तिने कॅमेऱ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "काढ की. पोराच्या खेळण्यातला वाटतो." छोट्या कॅमेऱ्याचा हा गुण कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो, त्याच्यापुढे माणूस पदर सावरून ताठ बसत नाही. फोटो निघाला, पण शेंग सोलणारी बोटे हलल्यामुळे पुसट झाली होती. भिंगातली स्थिरीकरणाची सोय माझा हात हलला तर सांभाळून घेते, तिचा हात हलला तर तिचा काही उपयोग नाही. तिथे उजेडच जास्त लागतो. त्या पुसट बोटांनी निकाल दिला. मी तिसरा घ्यायचे ठरवले. नवरा म्हणाला, "म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा आणि तोही वापरलेला?" मी म्हटले, आपण दोघेही तसेच आहोत.

वापरलेला घ्यावा लागला, याला निवडही फारशी उरलेली नाही हेही कारण आहे. जपानी कंपन्यांनी 2010 साली जगभर मिळून 12 कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे पाठवले होते आणि त्यांतले बहुतेक छोटेच होते; 2023 साली सगळ्या प्रकारांचे मिळून तो आकडा 80 लाखांच्या आत आला. फोनने हा धंदा खाल्ला. उरलेले नवे छोटे कॅमेरे एक तर महाग आहेत किंवा वाटीएवढे.

जुना कॅमेरा घेताना मी दुकानात अर्धा तास लावला आणि दुकानदार कंटाळला, त्याला इलाज नव्हता. पर्समधून विजेरी काढून भिंगात तिरपी धरली. एकदा तोंड भाजलेली मी, आता ताकही फुंकून पिणार होते. बुरशी नव्हती. मग दुकानाबाहेर येऊन, भिंगाची वाट एफ 11 पर्यंत बारीक करून, कोऱ्या आभाळाचा फोटो काढला, कारण सेन्सरवर धूळ असेल तर ती अशाच वेळी राखाडी ठिपक्यांनी दिसते. भिंग दहा वेळा आतबाहेर केले आणि कान लावून ऐकले. व्ह्यूफाइंडर वर काढून चष्म्याच्या नंबराप्रमाणे जुळतो का ते पाहिले. चौथ्या कॅमेऱ्यावर समाधान झाले.

निघण्यापूर्वीच्या तयारीचे फार सांगण्यासारखे नाही. जादा बॅटऱ्या दोन घेतल्या, कारण एका बॅटरीत तीनशेच्या आसपास फोटो निघतात आणि व्ह्यूफाइंडर वापरला तर त्याहून कमी. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या विमानाच्या पोटातल्या सामानात ठेवता येत नाहीत, त्या हातातल्या पिशवीत, टोकांना चिकटपट्टी लावून. 64 जीबीची दोन कार्डे. पोर्तुगालचा विजेचा दाब आपल्यासारखाच 230 व्होल्ट, त्यामुळे फक्त पिनांची अडचण. एक गोष्ट मात्र मी विसरले आणि ती सांगते: कॅमेऱ्याचे घड्याळ. उन्हाळ्यात पोर्तुगाल आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. फोनने आपली वेळ आपोआप बदलली, कॅमेऱ्याने नाही, आणि पहिल्या नऊ दिवसांत आमच्या अल्बममध्ये आम्ही जेवल्यानंतर साडेचार तासांनी तीच खानावळ शोधत फिरत होतो.

लिस्बनमध्ये जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये शिरल्यावर गायकवृंदाच्या सज्ज्याखाली वास्को द गामाचे थडगे आहे. बाहेर एप्रिलचे ऊन, आत कोकणातल्या देवळाच्या गाभाऱ्यासारखा थंड काळोख. फ्लॅश मी वापरत नाही. वाट एफ 1.8 वर उघडली, आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, 1600 ठेवला, कोपर पोटाशी घट्ट धरले, श्वास रोखला आणि सेकंदाच्या तिसाव्या भागात जे मिळाले, त्यात दगडावर कोरलेल्या दोरखंडांचे पीळ मोजता येतात. खांबाशी उभी राहून हात जोडणारी एक बाईही त्यात आली आहे. तिची बोटे पुसट नाहीत. मला कोर्लईची म्हातारी आठवली. पोर्तूच्या साव बेन्तू स्टेशनवर तर मी दोन गाड्या सोडल्या. ज्यॉर्ज कुलासूने रंगवलेल्या सुमारे 20,000 फरशांनी त्या दालनाच्या भिंती झाकलेल्या आहेत. 1415 ची, उत्तर आफ्रिकेतल्या स्यूटाची लढाई निळ्या रंगात भिंतभर चाललेली असते आणि तिच्या खालून माणसे लोकलला धावावे तशी धावत असतात. तिथे 24 मिलिमीटरची रुंदी उपयोगी पडली. भिंत आली, वरचे छतही आले आणि खाली एका मुलाच्या हातातला पाव आला, जो मला फोटो काढताना दिसलाच नव्हता.

मग जूनच्या आरंभी आम्ही दक्षिणेकडे, आलेन्तेजूच्या किनाऱ्यावर गेलो. कोळीवाड्यात जन्म गेलेल्या माणसालाही समुद्र नवा वाटावा असा तो किनारा आहे: काळे, उभे कडे, खाली पांढरा फेस आणि माणसाला मागे ढकलणारा वारा. काबु सार्दांव नावाच्या टोकाशी, पाण्यातून वर आलेल्या सुळक्यांच्या माथ्यावर पांढरे करकोचे घरटी करतात. करकोचे झाडांवर, घराच्या धुराड्यांवर, विजेच्या खांबांवर घरटी करतात हे सगळीकडे दिसते. समुद्रातल्या कड्यावर अशी वस्ती मात्र इथलीच. आम्ही कठड्याशी उभे होतो. एका घरट्यात दोन पिल्ले उभी राहून पंख झाडत होती आणि त्यांच्या पंखांवर मला पिसे दिसत होती, कारण नवऱ्याच्या गळ्यात दुर्बीण होती. माझ्या हातात 70 मिलिमीटरवर थांबणारा कॅमेरा होता. शेजारच्या एका जर्मन आजोबांनी लांबलचक भिंग रोखले होते आणि ते दर दोन मिनिटांनी पडद्यावर पाहून हसत होते. माझ्या वहीतल्या सात फोटोंत करकोचा नव्हता. मी तरी तीन फोटो काढले.

परत आल्यावर पाऊस लागायच्या आत मी पापडाचा हवाबंद डबा रिकामा करून धुऊन वाळवला, त्यात सिलिका जेलची पुडी आणि आर्द्रता मोजणारे एक छोटे यंत्र ठेवले आणि कॅमेरा आत गेला. काटा 45 च्या आसपास राहतो. 60 च्या वर गेला की पुडीतले दाणे तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा कोरडे करते. निवडक फोटो अलिबागहून छापून आणले आहेत. परवा शेजारच्या काकू ते पाहायला आल्या. जेरोनिमोसच्या फोटोवर त्यांनी बोट फिरवले, स्टेशनच्या फरशा पाहून "हे सगळे हाताने?" असे विचारले. मग कड्याचा फोटो आला. निळा समुद्र, काळा सुळका आणि सुळक्याच्या माथ्यावर एक पांढरा ठिपका. काकूंनी फोटो खिडकीशी नेला, नखाने तो ठिपका खरवडून पाहिला आणि माझ्याकडे वळून काळजीने विचारले,

"अगो, याच्याही भिंगाला बुरशी धरली की काय?"